दिल्लीत सोमवारी लाल किल्ला?

वाचकाचं पत्र

प्रिय ताई,

आम्ही साताऱ्याचे. नाताळच्या सुट्टीत घरातले सहा जण दिल्लीला निघालोय. सासूबाई, सासरे, आम्ही दोघं, सातवीतली मुलगी आणि दुसरीतला मुलगा. गोवा एक्सप्रेसची जाण्यायेण्याची तिकिटं झाली आहेत. रविवारी सकाळी पोचणार, गुरुवारी दुपारी परतीची गाडी. हॉटेल करोलबागेत. ट्रॅव्हल एजंटने आखून दिलेला कार्यक्रम असा: रविवारी बसने ‘दिल्ली दर्शन’, चौदा ठिकाणं. सोमवारी लाल किल्ला, लोटस टेंपल, अक्षरधाम. मंगळवारी पहाटे चारला गाडीने आग्रा आणि मथुरा, रात्री परत. बुधवारी खरेदी.

सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांना देवदर्शन हवंय. सासरे मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांचा एक सोबती श्रीलंकेत १९८७ साली गेला, त्याचं नाव युद्धस्मारकावर आहे म्हणतात, ते त्यांना बघायचंय. पण एजंटच्या यादीत स्मारकासाठी पंधरा मिनिटं आहेत. मला हुमायूनची कबर बघायची फार इच्छा आहे, कॉलेजात इतिहास होता माझा. सासूबाई म्हणतात, सुट्टीत कबरी कसल्या बघायच्या! आणि ह्यांचं एकच पालुपद, ‘पुन्हा कोण जातंय, सगळं उरकून येऊ.’ कार्यक्रम कसा बसवू? आणि घरात कसं सांगू?

एक वाचक, सातारा

उत्तर

प्रिय वाचक मैत्रीण,

आधी एजंटचा सोमवार बघू. लाल किल्ला, लोटस टेंपल आणि अक्षरधाम ही तिन्ही ठिकाणं सोमवारी बंद असतात. म्हणजे या गृहस्थांना दिल्लीची माहिती नाही, किंवा तिन्ही बंद दारं दाखवून झाल्यावर ‘चला आता, एक चांगलं एम्पोरियम दाखवतो’ असं म्हणायचा बेत आहे. दोन्हींत तुमचंच नुकसान. राष्ट्रीय संग्रहालय, रेल्वे संग्रहालय, गांधी स्मृती यांनाही सोमवारचीच सुट्टी असते. दिल्लीचा कुठलाही कार्यक्रम हातात आला की आधी त्यातला सोमवार तपासायचा आणि आग्र्याचा असेल तर शुक्रवार, कारण ताजमहाल शुक्रवारी बंद.

या चुकीबद्दल मी एजंटचे आभारच मानीन. तुमचा दुसरा प्रश्न, घरात कसं सांगू, त्यानेच सोडवलाय. ‘मला हे नको, मला ते हवं’ असं म्हणायचं कारणच उरलं नाही. रात्री जेवणं झाली की कागद समोर ठेवा आणि म्हणा, ‘अहो, हा सोमवारी लाल किल्ला म्हणतोय, पण तो बंद असतो. सगळंच पुन्हा बसवावं लागेल.’ चूक घराबाहेरच्याची निघाली की घरातले सगळे एका बाजूला येतात. आणि पुन्हा बसवायचं काम तुमच्याकडे घ्या.

आता ती चौदा ठिकाणांची बस. चौदा ठिकाणं म्हणजे सासूबाईंना बसच्या पायऱ्या चौदा वेळा उतरायच्या आणि चौदा वेळा चढायच्या. दहा तासांतले निम्मे रस्त्यात, उरलेले पार्किंगपासून तिकीट खिडकीपर्यंत. लाल किल्ला उत्तरेला, कुतुबमिनार दक्षिणेला, दोन्हींत पंधरा-वीस किलोमीटर आणि मध्ये दिल्लीचं ट्रॅफिक. बस रद्द करा. एका दिवशी शहराचा एकच कोपरा, दुपारी एक निवांत बैठक आणि अंधार पडायच्या सुमारास परत, एवढं धरून चाला. डिसेंबरात तिथे साडेपाचलाच सूर्य मावळतो आणि मग जी थंडी सुटते ती साताऱ्याच्या थंडीची मोठी बहीण.

सकाळी लवकर बाहेर पडायचा आग्रहही सोडा. डिसेंबरअखेरीस सकाळी धुकं असतं आणि त्या धुक्यात दिल्लीची खराब हवा जमिनीलगत साचून राहते. सासऱ्यांना पहाटे फिरायची सवय असणार, फौजी माणूस. चार दिवस ती बंद ठेवायला सांगा. नाश्ता करून दहाला निघालात तरी चालेल. मास्क बरोबर असू द्या.

रविवारी गाडी वेळेवर येईल असं गृहीत धरू नका. धुक्याच्या दिवसांत उत्तरेकडच्या गाड्या कितीही लेट होतात. रविवार सकाळ त्यामुळे रिकामीच ठेवायची. आंघोळी, जेवण, झोप. दुपारनंतर गांधी स्मृती गाठा. हे जुनं बिर्ला हाउस. गांधीजींच्या आयुष्याचे शेवटचे १४४ दिवस इथे गेले आणि ३० जानेवारी १९४८ ला संध्याकाळच्या प्रार्थनेला जाताना इथल्याच हिरवळीवर त्यांना गोळ्या घातल्या. खोलीपासून त्या जागेपर्यंत त्यांची शेवटची पावलं सिमेंटमध्ये उठवलेली आहेत. तुमच्या मुलाला काही सांगत बसू नका, तो आपणहून त्या पावलांच्या शेजारून चालायला लागेल आणि ती जिथे थांबतात तिथे थांबून ‘पुढे?’ असं विचारेल. मग सांगा. जागा सपाट आहे, तिकीट नाही, गर्दी बेताची. यादीवाल्या बसेस राजघाटावर थांबतात, इथे क्वचितच. मला विचाराल तर दोन्हींतलं एकच करायचं असेल तर हे करावं.

तिथून रिक्षाने बंगला साहिब गुरुद्वारा. सासूबाईंचं देवदर्शन इथून सुरू होऊ द्या. शिखांचे आठवे गुरू हरकिशन १६६४ साली दिल्लीत आले तेव्हा इथल्या बंगल्यात उतरले होते. शहरात साथ पसरली होती, ते रोग्यांची सेवा करत राहिले आणि त्यातच गेले. वयाची आठ वर्षंही पुरी झाली नव्हती. तुमच्या मुलाच्या वयाचे. आणि हा बंगला कोणाचा? मिर्झाराजे जयसिंगांचा. तेच, ज्यांनी पुढच्याच वर्षी दक्षिणेत येऊन पुरंदरला वेढा घातला आणि शिवाजी महाराजांशी तह केला. सातवीतल्या मुलीला हे सांगितलंत की पाठ्यपुस्तकातला तो तह तिला एकदम जवळचा वाटेल. डोकं झाकायला प्रत्येकाकडे रुमाल किंवा ओढणी हवी. चपला बाहेर ठेवाव्या लागतात आणि डिसेंबरात तिथली संगमरवरी फरशी पायाला चांगलीच झोंबते, म्हणून सासूबाईंना फार वेळ चालवू नका, सरोवराच्या कडेला बसवा. लंगर घ्यायचा तर जरूर घ्या, जमिनीवर पंगतीत बसावं लागतं तेवढं फक्त सेवादारांना आधी गुडघ्यांचं सांगा. रात्रीच्या जेवणाचा प्रश्नही मिटला.

सोमवार तुमचा आणि सासऱ्यांचा.

हुमायूनची कबर रोज उघडी असते, सोमवारीसुद्धा. सासूबाईंचा ‘कबरी कसल्या बघायच्या’ हा आक्षेप ऐकून मला हसू आलं, कारण साताऱ्याहून संगम माहुली किती दूर आहे? तिथे शाहू महाराजांची समाधी आहे, ताराराणींची आहे आणि शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचीसुद्धा आहे. सासूबाई कृष्णा-वेण्णेच्या संगमावर गेल्या असतील तेव्हा त्या समाध्यांवरून मान फिरवून थोड्याच आल्या असतील! वाद घालू नका. एवढंच म्हणा, ‘आई, ताजमहाल नवऱ्याने बायकोसाठी बांधला, हे बायकोने नवऱ्यासाठी बांधून घेतलंय आणि ताजच्या किती तरी आधी.’ हुमायून १५५६ साली जुन्या किल्ल्यातल्या आपल्या ग्रंथालयाच्या जिन्यावरून पडून मेला. त्याच्या बेगमेने इराणी वास्तुकार मिरक मिर्झा घियास याच्याकडून १५६५ च्या सुमारास हे काम सुरू करवलं आणि सात-आठ वर्षांत ते उभं राहिलं. ताज त्यानंतर साठ वर्षांनी सुरू झाला. चार भागांत कापलेली बाग, त्यातून वाहणारे पाण्याचे पाट, उंच चौथरा, त्यावर मध्यभागी इमारत, वर दुहेरी घुमट. ताजमध्ये पुढे जे सगळं पांढऱ्या दगडात आलं, ते इथे आधी लाल दगडात करून झालंय. गुरुवारी ताज बघाल (ते कसं, सांगते पुढे) तेव्हा मुलीला विचारा, काय काय ओळखीचं वाटतंय.

गेलात की सरळ मोठ्या इमारतीकडे धावू नका. आत शिरल्यावर उजव्या हाताला इसाखानाची अष्टकोनी कबर लागते. ती १५४७ ची, म्हणजे हुमायूनच्या कबरीहूनही जुनी, आणि बहुतेक लोक तिला वगळून पुढे जातात. तिथे निळ्या फरशांचे तुकडे अजून टिकून आहेत. मग पुढे या. चौथऱ्यावर जाणारा जिना मात्र उंच पायऱ्यांचा आणि खडा आहे. सासूबाईंनी तो चढू नये. त्यांना खाली बागेत उन्हात बसवा, शेजारी कोणीतरी थांबा, पाळीपाळीने वर जा. वर गेल्यावर तुम्हाला माझी एकच विनंती आहे. मधल्या दालनात पश्चिमेकडच्या जाळीसमोर उभ्या राहा. मशिदीत भिंतीत कोरलेली मिहराब (मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा) असते, इथे तीच आकृती संगमरवरी जाळीत कापलेली आहे, त्यामुळे ऊन त्या आकृतीतूनच आत येतं. दिसते ती कबर नुसती खूण आहे, खरं दफन खालच्या तळघरात. या एका इमारतीत शंभरावर मोगल पुरले आहेत म्हणतात. आणि शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर १८५७ च्या सप्टेंबरात दिल्ली पडल्यावर इथेच येऊन लपला होता. इंग्रजांनी त्याला इथून धरून नेला. एका घराण्याचा इतिहास एका चौथऱ्यावर सुरू होतो आणि संपतोही. तुमचा कॉलेजातला इतिहास वाया गेला नाही असं वाटेल तुम्हाला.

बाहेर पडल्यावर शेजारीच सुंदर नर्सरी आहे. नावावर जाऊ नका, नव्वद एकरांची बाग आहे, सपाट वाटा, कारंजी, मधूनमधून जुन्या छोट्या इमारती. पोरांना पळू द्या, डबा असेल तर तिथे खा, सासूबाईंना पाय लांब करून बसू द्या. दीड-दोन तास. हा वेळ फुकट गेला असं यजमानांना वाटू लागलं तर वाटू द्या, संध्याकाळी कोणाचेही गुडघे बोलत नसतील तेव्हा त्यांना पटेल.

साडेतीन-चारला राष्ट्रीय समर स्मारक, इंडिया गेटच्या मागेच. मुद्दाम सोमवारी सांगतेय, कारण रविवारी संध्याकाळी अख्खी दिल्ली तिथे आइस्क्रीम खायला लोटते. थंडीतही. इंडिया गेटवरची नावं पहिल्या महायुद्धातली आणि अफगाण युद्धातली, तीही वर कमानीवर कोरलेली, लांबून वाचता येत नाहीत. स्वातंत्र्यानंतर गेलेल्या जवानांसाठी असं काही नव्हतंच. ते २०१९ च्या फेब्रुवारीत खुलं झालं. एकात एक अशी चार चक्रं आहेत. मध्यभागी स्तंभ आणि ज्योत, ते अमर चक्र. मग शौर्याचे प्रसंग ब्राँझमध्ये कोरलेलं वीरता चक्र. तिसरं त्याग चक्र आणि सगळ्यांत बाहेर झाडांचं रक्षक चक्र. तुमच्या सासऱ्यांना जायचंय ते तिसऱ्यात. ग्रॅनाइटच्या विटांच्या गोलाकार भिंती आहेत, एका विटेवर एक नाव, सोबत हुद्दा आणि पलटण. पंचवीस हजारांहून जास्त नावं आहेत, तेव्हा नुसतं शोधत फिरून सापडायचं नाही. घरून निघतानाच सोबत्याचं पूर्ण नाव, पलटण, शक्य असेल तर आर्मी नंबर आणि साल एका कागदावर लिहून घ्या. तिथल्या कर्मचाऱ्यांना तो दाखवा, ते नाव शोधायला मदत करतात. ‘मीही फौजेतच होतो’ हे सासऱ्यांनी सांगितलं तर बहुधा कोणीतरी बरोबर चालतच येईल.

वीट सापडली की तुम्ही सगळे थोडे मागे थांबा. सेल्फी नको, ‘बाबा, इकडे बघा’ नको. पोरांना परमवीरचक्र विजेत्यांचे अर्धपुतळे आहेत तिकडे घेऊन जा. ते एकवीस आहेत. त्यात पुण्यात जन्मलेले अरुण खेत्रपाल आहेत, १९७१ च्या लढाईत रणगाड्यात गेले तेव्हा एकवीस वर्षांचे होते. कारवारचे राम राघोबा राणेही आहेत. सासऱ्यांना हवा तेवढा वेळ द्या. संध्याकाळी तिथे मानवंदनेचा कार्यक्रम असतो, एखाद्या शहिदाच्या घरच्यांच्या हातून पुष्पचक्र वाहिलं जातं, तोपर्यंत थांबता आलं तर थांबाच. प्रवेशाला तिकीट नाही. एजंटने याला पंधरा मिनिटं दिली होती!

परतताना कर्तव्य पथावरून राष्ट्रपती भवनाकडे एक नजर टाका. आत जायचं तर आधी ऑनलाइन वेळ घ्यावी लागते. लांबूनही ते छानच दिसतं. संसद बाहेरूनच.

मंगळवारी लाल किल्ला. करोलबागेतून मेट्रोच्या निळ्या लाइनने मंडी हाउस, तिथे जांभळी लाइन बदलून ‘लाल किला’ स्टेशन. बस नको, टॅक्सीही नको. मेट्रोत चढण्याआधी सामान यंत्रातून जातं आणि अंगझडती होते, घाईच्या वेळा टाळून साडेदहाच्या सुमारास निघा. बायकांसाठी पहिला डबा राखीव असतो, सासूबाईंना घेऊन तिथे जा, जागा मिळते. लाल किल्ल्यासह पुरातत्त्व खात्याच्या सगळ्या स्मारकांत पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, तुमची दोन्ही पोरं फुकट. मोठ्यांची तिकिटं मोबाइलवर काढा, रांग वाचते. व्हीलचेअर मिळेल का ते दारातच विचारा, कारण आत चालणं बरंच आहे आणि सासूबाईंनी मान ताठ ठेवून नको म्हटलं तरी घ्या.

किल्ला बघताना एक सांगते. आत गेल्यावर लोकांना वाटतं, एवढा मोठा किल्ला आणि आत एवढंसंच? शहाजहानने १६३९ ते १६४८ या काळात बांधलेल्या महालांतलं बरंचसं १८५७ नंतर इंग्रजांनी पाडलं आणि तिथे सैन्याच्या बराकी उभ्या केल्या. त्या भक्कम, रुक्ष इमारती दिसतील त्या याच. दिवाण-ए-खासमध्ये मात्र थांबा. मयूरासन इथलं, १७३९ साली नादिरशहाने नेलं. छत एकेकाळी चांदीने मढवलेलं होतं. त्यातली उरलेली चांदी पानिपतच्या आधी, १७६० साली, सदाशिवरावभाऊंनी उतरवून नाणी पाडली, कारण सैन्याचा पगार द्यायला पैसा नव्हता. पानिपत म्हटलं की आपण विश्वासराव आणि भाऊ आठवतो. उपाशी घोडे आणि थकलेला पगार सहसा आठवत नाही. तो हिशेब या छताखाली कळतो. अठ्ठावीस वर्षांनी, १७८८ साली, रोहिला सरदार गुलाम कादिरने बादशहा शाहआलमचे डोळे काढले ते याच किल्ल्यात, आणि महादजी शिंद्यांच्या फौजेने येऊन किल्ला सोडवला. पुढे १८०३ साली पटपडगंजच्या लढाईत शिंद्यांची फौज हरली आणि दिल्ली इंग्रजांच्या हातात गेली. मार्गदर्शक हे फारसं सांगत नाहीत. सासऱ्यांना बराकींतलं आझाद हिंद सेनेचं संग्रहालय दाखवा, १९४५ साली शाहनवाझ, सहगल आणि धिल्लन यांच्यावरचा खटला याच किल्ल्यात चालला होता.

किल्ल्यातून समोरच चांदनी चौक. दिवसा मोटारींना बंदी असते, सायकलरिक्षा मिळतात. त्यांची बैठक उंच असते, सासूबाईंना दोघांनी आधार देऊन बसवा. सुरुवातीलाच गौरीशंकराचं देऊळ आहे. ते आप्पा गंगाधर नावाच्या मराठा सरदाराने १७६१ साली बांधलं असं सांगतात. पानिपतचंच साल! सासूबाईंना एवढं सांगितलं की पायऱ्यांचीही कुरकुर होणार नाही. त्याच रस्त्यावर गुरू तेगबहादुरांचा शीसगंज गुरुद्वारा आहे. पराठेवाली गली जगप्रसिद्ध आहे, पण तिथले पराठे तव्यावर भाजत नाहीत, कढईत तळतात. दोन पुरे. जिलेबी खा. आणि ‘दौलत की चाट’ शोधा, ती फक्त थंडीतच मिळते. नावात चाट असली तरी ती गोड असते. दुधाचा फेस, त्यावर केशराची छटा, थोडा खवा आणि साखर. चमचा तोंडात ठेवला की फेस विरून जातो आणि नुसती चव उरते. मुलगा म्हणेल, ‘आई, यात काहीच नव्हतं.’ त्याला दुसरी घेऊन द्या.

पर्स पुढे धरा, मोबाइल मागच्या खिशात नको. आणि ‘हा रस्ता बंद आहे’, ‘तुमचं हॉटेल बंद झालंय’, ‘हे सरकारी टुरिस्ट ऑफिस’ असं कोणी म्हणालं तर हसून पुढे चला. भारत सरकारचं पर्यटन कार्यालय ८८, जनपथला आहे.

दुपारी सासूबाईंना हॉटेलात सोडा आणि दोन गट करा. घरचे सगळे सतत एकत्रच हवेत हा आपला एक खुळा हट्ट असतो. तुम्ही आणि मुलगी २६, अलीपूर रोडला जा, सिव्हिल लाइन्समध्ये. बाबासाहेब आंबेडकरांचं ६ डिसेंबर १९५६ ला तिथे महापरिनिर्वाण झालं. आता तिथे उघडलेल्या संविधानाच्या पुस्तकासारखी इमारत आहे, २०१८ साली झालेली. दिल्लीला जाणाऱ्या मराठी माणसांपैकी फार थोडे तिथे जातात, याचं मला दर वेळी नवल वाटतं. मुलगी नागरिकशास्त्रात संविधान शिकतेच आहे. यजमान आणि मुलगा मेट्रोत हवं तितकं हिंडोत. रात्री सगळ्यांनी वरणभाताची आठवण काढलीच तर कस्तुरबा गांधी मार्गावर महाराष्ट्र सदन आहे, जेवणाची वेळ फोन करून विचारून घ्या. पहिल्याच दिवशी मात्र जाऊ नका, दिल्लीत जाऊन थालीपीठ शोधणाऱ्यांचा मला राग येतो.

अक्षरधाम आणि लोटस टेंपल मी कापलीत. नाताळच्या सुट्टीत अक्षरधामला लांबच लांब रांगा, मोबाइल बाहेर जमा करायचे, आत चालणं पुष्कळ. सासूबाई अडूनच बसल्या तर मंगळवारची दुपार त्याला द्या आणि बाकीचं विसरा. लोटस टेंपल फोटोत दिसतं तितकंच सुंदर दिसतं, आत गप्प बसायचं असतं, दुसरीतल्या मुलाला ते जमणार नाही.

बुधवारी सकाळी सामान बांधून हॉटेलच्या काउंटरवर ठेवा. यजमान मुलाला घेऊन चाणक्यपुरीच्या रेल्वे संग्रहालयात. तिथे छोटी गाडी आहे बसायला आणि जुनी इंजिनं आहेत. बाकीचे कुतुबमिनारला. साडेबहात्तर मीटर उंच, आत चढायला १९८१ च्या चेंगराचेंगरीनंतर बंदी आहे, म्हणजे खालूनच बघायचं आणि गुडघ्यांना त्रास नाही. मिनारापेक्षा मला तिथला लोहस्तंभ आवडतो. गुप्तकाळातला, सव्वासात मीटरचा, दीड हजारांहून जास्त पावसाळे उघड्यावर काढूनही गंजलेला नाही. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त असल्याने त्यावर एक पातळ संरक्षक थर तयार झालाय, असं धातुशास्त्रज्ञ सांगतात. पूर्वी लोक त्याला पाठ टेकवून हात मागे जुळवायचे, आता भोवती कुंपण आहे.

आणि आता आग्रा. पहाटे चारला मोटारीने जायचं हे डोक्यातून काढून टाका. डिसेंबरातल्या धुक्यात यमुना एक्सप्रेसवेवर एकावर एक गाड्या आदळतात, दर हिवाळ्यात बातम्या येतात. तुमच्याकडे याहून चांगला उपाय आधीच आहे. तुमची परतीची गोवा एक्सप्रेस निजामुद्दीनहून सुटून आग्रा कँटला थांबते. म्हणून बुधवारी दुपारी दिल्लीहून रेल्वेने आग्र्याला जा, तिथे मुक्काम करा, गुरुवारी धुकं विरल्यावर ताज बघा आणि संध्याकाळी आपली गाडी आग्र्यालाच पकडा. त्यासाठी तिकिटावर बोर्डिंग स्टेशन बदलून घ्यायचं, आयआरसीटीसीवर होतं, निदान आदल्या दिवसाच्या आत करा. एकदा बदललं की निजामुद्दीनला त्या तिकिटावर चढता येत नाही, हे लक्षात असू द्या. वेळ उरला तर आग्र्याचा किल्ला. दाराबाहेर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. १६६६ च्या मे महिन्यात औरंगजेबाचा दरबार याच किल्ल्यात भरला होता. मथुरा राहू द्या.

हे आग्र्याचं सगळं काम यजमानांकडे सोपवा. बुधवारची तिकिटं, आग्र्याचं हॉटेल, बोर्डिंगचा बदल. ‘सगळं उरकू’ म्हणणाऱ्या माणसाला ताजमहाल मिळतोय आणि त्याची जबाबदारीही, ते हुमायूनबद्दल एक अक्षर बोलणार नाहीत.

एजंटला उद्याच फोन करा. करोलबागेचं हॉटेल बुधवार सकाळपर्यंत ठेवायचं, बस आणि आग्र्याची गाडी रद्द, त्याचे पैसे परत. कुरकुर केली तर सोमवारच्या लाल किल्ल्याचा विषय काढा. आणि हॉटेलला लिफ्ट आहे का, गीझर दिवसभर चालू असतो का, जादा रजया मिळतात का, हे तीन प्रश्न विचारून घ्या. लिफ्ट नसेल तर खोली तळमजल्यावरचीच मागा, ‘तिथे गेल्यावर बघू’ हे ऐकून घेऊ नका.